साडेसहाशे रियाल

बंदूक आधी डोळ्यांनी बघायची नाही.
दुपारी, निझव्याचा बाजार झोपलेला असताना
पंखा बंद करायचा
आणि लिव्हर कानाशी नेऊन उघडायची,
झोपलेल्या माणसाच्या उशाखालून किल्ली काढावी तशी.
चांगली असेल तर एकच आवाज, अगदी शेवटी,
कडी बसल्याचा.
वाईट असेल तर आधी कुरकुर, मग खरखर, मग कडी.

महफूद बिन झाहिरनं परवा एक आणली, नवीकोरी,
दस्त्याला तेलाचा वास अजून.
खोक्यावर डोंगर, डोंगरावर हरीण.
"बाबासू, साडेसहाशे रियाल दिले. फसलो का?"
बाबासो म्हणता येत नाही त्याला.
अकरा वर्षं झाली. आता मीच फोनवर
"बाबासू बोलतोय" म्हणतो कधीकधी, गावाकडे.

मी इचलकरंजीचा. मागाचे सुटे भाग करायचो लेथवर,
धोट्याची टोकं.
धोटा मिनिटाला दीडशे वेळा फेकला जातो,
तिथं अर्ध्या सुताची चूक म्हणजे
कुणाचा तरी डोळा.
मग बंदुकीचं कसलं नवल?
तीही ये-जा करणारी वस्तू.

बघितली.
रिसीव्हर घडीव आहे, ओतीव नाही;
ओतिवाच्या कडेला
बिघडलेल्या भाकरीसारखे बारीक फोड असतात.
लिव्हर मोकळी, पण ढिली नाही.
निळाई बरी. फक्त खालच्या अंगाला,
जिथं गिऱ्हाईक बोट फिरवत नाही,
तिथं पॉलिशवाल्यानं घाई केलीय,
उभे ओरखडे तसेच.

महफूदच्या घरी भिंतीवर आजोबांची मार्टिनी आहे.
नळी आतून घासून गुळगुळीत,
गोळी कुठं जाईल ते अल्लाला ठाऊक,
पण चांदीचे पट्टे आहेत, विकली तर हजाराच्या वर जाईल.
बाजारातले म्हातारे म्हणतात, तसं लोखंड आता होत नाही.
खोटं आहे.
दोन्ही लोखंडं माझ्या कानशीनं चाखलीत.
आजचं चांगलंय.
आजची घाई वाईट.

मग दस्ता उतरवला.
लाकूड आणि लोखंड जिथं भेटतात त्या खाचेत
कागद. चौपदरी दुमडलेला.
लाकूड जास्त कापलं गेलं असणार,
आणि कुणीतरी फट बुजवली होती,
हाताला लागेल त्यानं.
उलगडला. पेन्सिलीनं तीन शब्द, इंग्रजीत:
अंडी. दूध. बुटाच्या लेस.

शेवटच्या पाळीचा असणार तो,
घड्याळाकडे एक डोळा.

मीही केलंय हे.
अठ्ठ्याण्णव साली, मालकाची गाडी दारात उभी,
बेअरिंगखाली विडीबंडलाचा कागद सारला
आणि वरून ग्रीस थापलं.
तो माग पुढे चालला की नाही,
विचारायला कधी गेलो नाही.
त्या गल्लीतूनच गेलो नाही.

बाहेर महफूद काहवा ओतत होता.
मी अक्रोडाचा पापुद्रा तासला,
सरस लावला, चिमट्यात धरून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला.
नंतर दस्ता बसवून दोन्ही हातांनी पिळला,
धुतलेली चादर पिळतात तसा.
हलला नाही.

"किती, बाबासू? खरं सांग."
"पाचशे नव्वदची होती," म्हणालो.
"आता साडेसहाशेची आहे."
त्याला वाटलं मी मजुरी मागतोय.
हसला, दोन रियाल जास्तीचे ठेवले, वर खजुराचा डबा.

कागदाचं बोललो नाही.
रात्री खोलीवर जाताना
कोपऱ्यावरच्या मलबाऱ्याकडून अंडी घेतली, दूध घेतलं.
लेस मला लागत नाहीत.
मी चपला घालतो.